सालीवरची काळी अक्षरं: ग्राफिस नावाचं लायकेन समजून घेताना

झाडाच्या बुंध्यावर राखाडी-पांढरा डाग आणि त्यावर काळ्या शाईनं ओढल्यासारख्या बारीक रेघा. काही सरळ, काही वळलेल्या, काहींना फाटे फुटलेले. असा फोटो अधूनमधून कुणी ना कुणी पाठवतं आणि खाली प्रश्न ठरलेला असतो: झाडाला कसला रोग लागलाय? कुणाला वाटतं किडीनं साल कोरलीय, कुणाला वाटतं पोरांनी खिळ्यानं ओरखडे काढलेत. एकानं तर विचारलं होतं, ही मोडीसारखी एखादी जुनी लिपी तर नव्हे ना?

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडला, कारण शास्त्रज्ञांनाही पहिल्यांदा हेच सुचलं होतं. कार्ल लिनियसनं १७५३ साली या जीवाची नोंद केली तेव्हा नाव दिलं 'लायकेन स्क्रिप्टस', म्हणजे लिहिलेलं लायकेन. पुढे १७६३ मध्ये मिशेल आदांसाँ या फ्रेंच अभ्यासकानं अशा लायकेनांसाठी 'ग्राफिस' हे नाव वापरलं. ग्रीक भाषेत लिहिणं या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून ते आलं. लिनियसच्या त्या लायकेनला आज आपण ग्राफिस स्क्रिप्टा म्हणतो.

तर हा रोग नाही, कीड नाही, ओरखडेही नाहीत. मग आहे काय?

आधी लायकेन म्हणजे काय

लायकेन हा एकटा जीव नाही, तो दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक शैवल. मराठीत याला 'शैवाक' असा नेमका शब्द आहे, शैवल आणि कवक यांना जोडून केलेला. कवक म्हणजे बुरशीच. दगडफूल हा शब्द जास्त ओळखीचा. तेही लायकेनच, पण ग्राफिस दगडापेक्षा सालीवर रमतं आणि फुलासारखं तर मुळीच दिसत नाही. म्हणून मी इथे लायकेन हाच शब्द वापरतो.

बुरशीला स्वतःचं अन्न बनवता येत नाही. शैवलाला येतं, कारण त्याच्याकडे हरितद्रव्य असतं. पण उघड्या सालीवर ऊन आणि वारा सोसत टिकून राहणं शैवलाला अवघड. म्हणून बुरशी आपल्या धाग्यांचं घर विणते, शैवलाच्या पेशी त्यात राहतात आणि उजेडावर जे कमावतात त्यातला मोठा वाटा बुरशीला देतात.

हे आज शाळेत शिकवतात, पण सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञानं १८६७ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं तेव्हा त्या काळच्या मोठमोठ्या लायकेनतज्ज्ञांनी त्याला वेड्यात काढलं. ज्या जीवाचा आपण जन्मभर अभ्यास केला तो मुळात दोन जीव आहेत, हे पचवणं सोपं नव्हतं. श्वेंडेनरच्या मते बुरशी ही मालक आणि शैवल हे तिचं वेठीला धरलेलं गुलाम. आपण आता 'सहजीवन' हा गोड शब्द वापरतो. मला खरं चित्र या दोन्हींच्या मधलं वाटतं. ग्राफिसमधलं शैवल बाहेर मोकळं, एकटं जगू शकतं आणि जगतंही. बुरशीला मात्र निसर्गात शैवलावाचून संसार थाटता येत नाही. गरज कुणाला जास्त आहे ते यावरून कळतं. आणि तरी लायकेनला दिलेलं शास्त्रीय नाव नियमानं बुरशीचंच असतं! ग्राफिस हे त्या बुरशीचं नाव. शैवलाचं नाव वेगळं, ते पुढे येईल.

खपलीसारखं का म्हणतात

लायकेनचे ढोबळ तीन आकार दिसतात. काही पानांसारखी पसरतात, काही झुडपासारखी उभी राहतात किंवा दाढीसारखी लोंबतात, आणि काही खपलीसारखी घट्ट बसतात. ग्राफिस या तिसऱ्या गटातलं. जगातली बहुतांश लायकेनं खरं तर याच गटातली आहेत. फोटो मात्र पहिल्या दोघांचे निघतात.

पानासारखं लायकेन नखानं उचलता येतं. खपलीचं तसं नाही. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीचा चुना सोलायला जा, भिंतीचा पापुद्राही सोबत येतो. ग्राफिसच्या शरीराला खालची कातडीच नसते, त्याचे धागे सालीच्या अगदी बाहेरच्या थरात मुरलेले असतात. अभ्यासकाला नमुना हवा असेल तर सालीचा तुकडाच कापून घ्यावा लागतो. वाढही मुंगीच्या पावलांची. खपली लायकेनं वर्षाला साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर सरकतात. तळहाताएवढा डाग दिसला तर तो कित्येक वर्षांपासून तिथे आहे, हे धरून चाला.

मग ती अक्षरं कशाची?

पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री आठवा. खरी बुरशी जमिनीखाली धाग्यांच्या रूपात पसरलेली असते. छत्री हे नुसतं तिचं फळ, बीजाणू उधळण्यासाठी वर काढलेलं. बीजाणू म्हणजे बुरशीचं अतिसूक्ष्म बी. ग्राफिसची काळी रेघ म्हणजे तशीच त्या बुरशीची छत्री.

बहुतेक लायकेनांमध्ये हे फळ गोल, चिमुकल्या बशीसारखं असतं. ग्राफिसमध्ये ते लांबत जातं. मऊ धातूची बशी दोन्ही बाजूंनी दाबली तर ती होडीसारखी लांबट होईल, कडा वर येऊन एकमेकींकडे झुकतील आणि मध्ये एक चीर उरेल. नेमका तोच आकार. शास्त्रीय भाषेत या रेघेला 'लिरेला' म्हणतात. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे नांगराचा तास, आणि लिरेला म्हणजे छोटासा तास. अक्षरापेक्षा ही उपमा मला जास्त खरी वाटते, कारण भिंगातून पाहिलं की दोन्ही बाजूंना उचललेले वरंबे आणि मधली सरी स्पष्ट दिसते.

वरंब्यांना अभ्यासक 'ओठ' म्हणतात. ते कोळशासारखे काळे आणि ठिसूळ असतात, कारण त्यांच्या पेशीभित्तीत गडद रंगद्रव्य भरलेलं असतं. ओठांच्या आत सूक्ष्म पिशव्या असतात, पुष्कळ जातींत एका पिशवीत आठ बीजाणू. ओल मिळाली की पिशव्या फुगतात आणि बीजाणू चिरेतून बाहेर उडतात. रेघ जितकी लांब, तितकं बाहेर पडायचं दार लांब. कोरड्या दिवसांत ओठ बऱ्यापैकी मिटलेले असतात, त्यामुळे आतला नाजूक थर सुरक्षित राहतो.

दर पिढीला नव्यानं जोडीदार

आता या सगळ्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट. चिरेतून उडालेल्या बीजाणूत फक्त बुरशी असते, शैवल नसतं. काही लायकेनं हुशारीनं दोघांची मिळून एक बारीक पुरचुंडी बांधतात आणि तीच वाऱ्यावर सोडतात. जिथे पडेल तिथे संसार तयारच. ग्राफिसच्या बहुतेक जाती तसं करत नाहीत. त्यांचं बीजाणू एकटंच निघतं, कुठल्या तरी सालीवर पडतं, रुजतं, आणि त्याच्या कोवळ्या धाग्यांना जवळच योग्य शैवल भेटावं लागतं. नाही भेटलं तर तिथेच संपलं.

योग्य शैवल म्हणजे ट्रेंटेपोलिया. आहे हिरव्या शैवलांच्या गटातलं, पण दिसतं नारिंगी, कारण गाजराला रंग देणारी कॅरोटीनं त्याच्या पेशींत इतकी भरलेली असतात की हिरवा रंग झाकला जातो. ओलसर भिंती, खडक आणि साली यांवर ते मोकळंही वाढतं. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोबोस इथे समुद्राकाठच्या सायप्रसच्या फांद्यांवर त्याचे गंजासारखे नारिंगी थर बसलेले दिसतात. ट्रेंटेपोलियाला दमट हवा मानवते, ऊब आवडते. म्हणून ग्राफिसही उष्ण कटिबंधात भरभरून सापडतं आणि ध्रुवांकडे विरळ होत जातं.

एकदा गाठ पडली की मग बुरशीचं रूपच पालटतं. एरवी प्रयोगशाळेत एकटी वाढवलेली लायकेनची बुरशी निराकार गोळ्यासारखी राहते. डाग, कड, ओठ, रेघ असा ओळखू येणारा देह शैवलाच्या संगतीत घडतो. शैवल तिला एरिथ्रिटॉल नावाचं एक साखरेच्या नात्यातलं संयुग पुरवतं आणि ती आपल्या सोयीच्या रूपात बदलून घेते.

म्हणजे सालीवरच्या प्रत्येक डागामागे अशी एक भेट आहे. साल योग्य हवी, शक्यतो गुळगुळीत. युरोपात ग्राफिस स्क्रिप्टा हेझल, अॅश, हॉर्नबीम, बीच अशा झाडांवर भेटतं, ते यामुळेच. ओल योग्य हवी, उजेड योग्य हवा, आणि शैवल आधीच हजर हवं. यातलं एक जरी हुकलं तरी तिथे नुसतीच साल राहते.

झाडाला त्रास होत नाही का?

होत नाही. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो म्हणून सरळ सांगतो. लायकेनला मुळं नसतात. ते झाडातून रस ओढत नाही. पाणी आणि क्षार त्याला पाऊस, धुकं, दव आणि धूळ यांतून मिळतात. ग्राफिसचे धागे सालीत मुरतात हे खरं, पण ती सालीची बाहेरची मृत त्वचा. आपल्या नखाच्या टोकावर कुणी राहायला आलं तर आपल्याला जितकं कळेल, तितकंच झाडाला कळत असेल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मग वाळत चाललेल्या झाडांवरच लायकेन जास्त का दिसतं? कारण उलटं आहे. झाड आजारी पडलं की पानं विरळ होतात, बुंध्यावर आणि फांद्यांवर उजेड पोचतो, आणि उजेड आवडणारी लायकेनं फोफावतात. आजाराचं कारण मुळांत, मातीत किंवा दुसऱ्या एखाद्या रोगकारक बुरशीत शोधायला हवं. लायकेन खरवडून, त्यावर औषध मारून झाड बरं होत नाही. साल मात्र जखमी होते आणि त्या जखमेतून खरा रोग आत शिरू शकतो. कृपा करून खरवडू नका.

'लायकेन दिसलं म्हणजे हवा शुद्ध' हे खरं का?

हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि ते अर्धंच खरं आहे.

खरा भाग आधी. पानाला मेणचट कातडी असते, हवा आत घ्यायला उघडझाप करणारी छिद्रं असतात. लायकेनला यातलं काहीच नाही. ते टीपकागदासारखं आहे: ओल आली की भिजतं, ऊन आलं की वाळून निपचित पडतं, पुन्हा ओल आली की जागं होतं. पाण्याबरोबर हवेत जे जे असेल ते सगळं आत. आणि झाड निदान जुनी पानं गाळून टाकतं. लायकेनला गाळायला पानं नाहीत, जे साठलं ते साठलं. कोळसा जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड वायू ओल्या लायकेनमध्ये विरघळला की आम्ल तयार होतं आणि शैवलातलं हरितद्रव्य नासतं. कमावणाराच गेला की घर बसतं.

विल्यम नायलँडर या फिनिश अभ्यासकानं १८६६ मध्येच पॅरिसबद्दल लिहून ठेवलं होतं की लक्झेंबर्ग बागेत जी लायकेनं आहेत ती शहरात इतरत्र सापडत नाहीत, आणि यावरून हवेची पारख करता येईल. (गंमत म्हणजे श्वेंडेनरचं म्हणणं न मानणाऱ्यांत हाच माणूस आघाडीवर होता. एका गोष्टीत इतका द्रष्टा, दुसरीत इतका हटवादी.) शंभरेक वर्षांनी, १९७० मध्ये, डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड आणि वेल्ससाठी एक मोजपट्टीच बनवली: झाडांवर कुठली लायकेनं आहेत ते पाहायचं आणि सल्फर डायऑक्साइड किती असेल याचा अंदाज बांधायचा. सर्वांत घाण हवेत लायकेन नाहीच. हवा सुधारत जाईल तशा एकेक जाती येत जातात.

आता उरलेला अर्धा भाग. लेकॅनोरा कोनिझिऑइडिस नावाचं एक खपली लायकेन आहे, करड्या-हिरव्या रंगाचं, तेही सालीवरच राहणारं. हवा बिघडली तेव्हा बाकीची मेली आणि हे पसरलं. ब्रिटनच्या औद्योगिक शहरांतल्या झाडांवर ते सर्रास दिसायचं. पुढे कोळशाचा धूर आटोक्यात आला, सल्फर डायऑक्साइड घटला, आणि मग हे लायकेन दिसेनासं होऊ लागलं! त्याच्या असण्यावरून कुणी 'वा, किती स्वच्छ हवा' म्हटलं असतं तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. नत्रयुक्त प्रदूषणाचंही तसंच. काही पिवळी-नारिंगी लायकेनं अमोनिया वाढला की खुशीत येतात.

म्हणून लायकेन आहे की नाही हा प्रश्न अपुरा आहे. कोणतं आहे, हे विचारायला हवं. ग्राफिस त्या मोजपट्टीवर मधल्या पायऱ्यांच्या आसपास हजेरी लावतं: त्याची ग्राफिस एलेगन्स ही जात दिसू लागली तर हवा फार वाईट नाही, पण अगदी निर्मळ असल्याची हमीही नाही.

आणि हवा म्हणजे केवळ धूर नव्हे. नेदरलँड्समध्ये लायकेनांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवणाऱ्या आंद्रे आप्त्रूत आणि कोक व्हान हेर्क यांनी २००७ मध्ये दाखवलं की ट्रेंटेपोलियाबरोबर राहणारी लायकेनं तिथे वाढत चालली आहेत, आणि त्याचा संबंध त्यांनी तापमानवाढीशी जोडला. ऊब आवडणारं शैवल उत्तरेकडे सुखावतंय आणि बुरशीला सोबत नेतंय.

सगळ्या रेघा एकाच लायकेनच्या?

नाहीत. ग्राफिस हे एका प्रजातीचं नाव, म्हणजे आडनावासारखं. त्या आडनावाच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. पानाफुलांवरून झाड ओळखावं तसं इथे चालत नाही. ओठ गुळगुळीत की त्यांवर उभ्या खाचा, चीर उघडी की बंद, तिच्यावर पांढरी भुकटी आहे का, काळा रंग वरच्या कडेपुरता की तळापर्यंत, हे सगळं बघावं लागतं. वर आलेल्या ग्राफिस एलेगन्सच्या ओठांवर खाचा असतात, स्क्रिप्टाच्या नसतात. मग बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली: रंगहीन, आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेले, कप्पे भिंगाच्या आकाराचे, आणि आयोडीन लावलं की निळे-जांभळे. काही जातींत नॉरस्टिक्टिक आम्ल असतं. त्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की आधी पिवळा आणि मग रक्तासारखा लाल रंग येतो.

एवढं करूनही फसायला होतं. एकोणिसाव्या शतकात बीजाणूंचा रंग आणि कप्प्यांची मांडणी यांवरून चार कप्पेबंद प्रजाती पाडल्या होत्या. वापरायला सोप्या, पण नैसर्गिक नात्यांशी न जुळणाऱ्या. २००२ मध्ये बेटिना श्टायगर यांनी ती घडी मोडून नवी घातली, आणि पुढे डीएनएच्या अभ्यासांतून असंही दिसलं की ज्याला आपण एकच ग्राफिस स्क्रिप्टा समजत होतो त्यात अनेक जाती लपलेल्या आहेत. ग्राफिसच्या कुळाची, म्हणजे मोठ्या भाऊबंदकीची, गोष्ट तर याहून मोठी. २०१४ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी मिळून या एका कुळातल्या १७५ नव्या जाती एकाच वेळी प्रसिद्ध केल्या. पक्ष्यांच्या किंवा सस्तन प्राण्यांच्या बाबतीत अशी बातमी आली असती तर पहिल्या पानावर छापली गेली असती.

झाड गेलं तर दुसरं लावता येईल की

लावता येईल, लावायलाच हवं. पण सालीवरची वस्ती रोपाबरोबर येत नाही. रोपट्याची साल कोवळी, सावली नाही, आजूबाजूची ओल वेगळी. झाड वाढत जातं तशी साल बदलते आणि तिच्यावरची माणसं, म्हणजे लायकेनं, बदलत जातात. कोवळ्या गुळगुळीत सालीवर काही जाती लवकर येतात. ग्राफिसमधल्या पुष्कळ जाती मोकळ्या, उजेडाच्या जागीही तग धरतात. त्याच्याच कुळातली इतर कित्येक लायकेनं मात्र जुन्या, दाट, न तोडलेल्या रानाच्या सावलीबाहेर जगत नाहीत. त्यांचीही बीजाणूं रुजण्याची आणि जोडीदार भेटण्याची तीच गोष्ट, फक्त अटी आणखी कडक.

यावरून फ्रान्सिस रोझ यांनी १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रानांसाठी एक युक्ती काढली. काही निवडक लायकेनांची यादी करायची, आणि त्यांतली जितकी जास्त एका रानात सापडतील तितकं ते रान जास्त काळ अखंड राहिलंय असं धरायचं. रानातली झाडं किती उंच आहेत यावरून हे कळत नाही, कारण लागवड केलेली झाडंही पन्नास-साठ वर्षांत उंच होतात. सालीवर कोण राहतंय ते पाहिलं की कळतं. उष्ण कटिबंधातल्या रानांतही खपली लायकेनांच्या बाबतीत हेच तत्त्व वापरता येतं, असं तिथल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

त्यामुळे शंभर जुनी झाडं तोडून हजार रोपं लावली, हा हिशेब मला नेहमी खटकतो. मोजणारा खोडं मोजतो. सालीवर दशकानुदशकं जमलेल्या, वर्षाला मिलिमीटरनं वाढणाऱ्या या भेटी त्या हिशेबात कुठेच धरलेल्या नसतात.

बघायचं असेल तर

दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. गुळगुळीत सालीचं झाड निवडा, पाऊस किंवा दाट धुकं येऊन गेल्यावर जा. भिंग डोळ्याला चिकटवून धरा आणि डोकं सालीजवळ न्या. भिंग लांब धरलं तर काही दिसत नाही, ही चूक पहिल्या दिवशी सगळेच करतात. रेघेच्या मधोमध चीर आणि दोन्ही बाजूंना ओठ दिसले तर तुम्ही लायकेनची लिरेला बघताय. चीर नसेल, रेघ सालीत खोल गेलेली असेल आणि तिच्यात भुसा असेल, तर ती कीड.

खात्री करायची असेल तर अभ्यासक आणखी एक गोष्ट करतात. डागाच्या अगदी कडेला, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत, नख हलकेच ओढतात. वरचा राखाडी पापुद्रा सरकतो आणि खाली क्षणभर पिवळसर-नारिंगी रेघ चमकते. तेच ते ट्रेंटेपोलिया.